गांधीलमाश्यांची भाषा

हे गाणं मला ऑटोप्लेमुळे सापडलं. रात्रीचं डिप्लॉयमेंट चालू होतं, मी यूट्यूबवर कसलीतरी लांबलचक प्लेलिस्ट लावून लॉग बघत बसलो होतो, आणि मध्येच कानात काहीतरी घोंघावायला लागलं. आधी वाटलं, हेडफोन गेले. मग टॅब उघडून पाहिला. काळ्या-पिवळ्या कपड्यांतली तीन मुलं, दोन मुली आणि एक मुलगा, स्टेजवर उभी राहून जिवाच्या आकांतानं गात होती आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडत होतं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

गाण्याचं नाव 'ब्झ्झ्'. ग्रुपचं नाव 'ब्झिकेबी'. देश जॉर्जिया. स्पर्धा ज्युनिअर युरोव्हिजन, २२ नोव्हेंबर २००८, गाव सायप्रसमधलं लिमासोल. पंधरा देशांत जॉर्जिया पहिला आला.

ज्युनिअर युरोव्हिजन म्हणजे मोठ्यांच्या युरोव्हिजनचं धाकटं भावंड. २००३ साली सुरू झालं. दर देशानं एक नवं गाणं पाठवायचं, गाणारी मुलं तेव्हाच्या नियमानुसार दहा ते पंधरा वर्षांची, आणि गाणं आपापल्या देशाच्या भाषेत हवं. आता या शेवटच्या नियमात 'ब्झ्झ्' कसं बसलं हा प्रश्न मला पडला, तसा तुम्हालाही पडला असेल. माझ्या सहा वर्षांच्या भाचीला मात्र पडला नाही. तिनं गाणं ऐकलं, विचारलं, "मामा, हे कुठल्या भाषेत गातायत?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही." ती म्हणाली, "मग ती मला पण येते." आणि तिला खरंच येत होती. मी दहा वेळा ऐकूनही ज्या जागी अडखळत होतो, तिथून ती दोनदा ऐकून सरळ निघून गेली.

आता अशा गाण्याबद्दल बोलताना 'संगीताला भाषा नसते' हे वाक्य आपोआप तोंडात येतं. मला ते इथे साफ चुकीचं वाटतं. त्याच वर्षी मे महिन्यात मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये बेल्जियमनं 'ओ ज्युलिसी' नावाचं गाणं पाठवलं होतं. तेही काल्पनिक भाषेत. ते उपांत्य फेरीतच गळालं. याच बेल्जियमचं २००३ सालचं काल्पनिक भाषेतलं 'सानोमी' दुसरं आलं होतं, म्हणजे युक्ती नवी नव्हती आणि हमखास चालणारीही नव्हती. 'ओ ज्युलिसी' ऐका म्हणजे फरक लक्षात येईल. त्या गाण्याला आपण भाषा आहोत असं भासवायचं आहे. त्यात शब्दांसारखे शब्द आहेत, ओळींसारख्या ओळी आहेत, आणि आपण ऐकताना सारखे अर्थ शोधत राहतो. परक्या देशातल्या हॉटेलात मेन्यूकार्ड हातात धरून बसल्यासारखं वाटतं. 'ब्झ्झ्' असं काही भासवत नाही. तिथे घोंघावणं आहे, तुटकी अक्षरं आहेत, एकाच्या तोंडातलं अक्षर दुसरीनं हिसकावून घ्यावं असा वेग आहे. आम्ही वेबसाइटची डिझाइन दाखवताना खोटा मजकूर भरतो, का, तर समोरच्यानं वाचत बसू नये, मांडणी बघावी. इथेही तसंच होतं. अर्थ काढून घेतला की तीन आवाजांची मांडणी उघडी पडते.

आणि ती मांडणी अस्सल जॉर्जियन आहे.

जॉर्जियाचं लोकसंगीत तीन आवाजांचं. सगळे एका सुरात गातात आणि मधूनच कुणीतरी वरचा सूर लावतो, असं ते नसतं. तिन्ही आवाजांचे रस्ते वेगळे. युनेस्कोनं २००१ साली या गाण्याला मानवजातीच्या वारशाचा दर्जा दिला, पण आपल्या लोकांसाठी याहून जवळची ओळख सांगतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, हे बहुतेकांनी फॉरवर्डमध्ये वाचलेलं असतं. त्याच तबकडीवर जॉर्जियाचं 'चाक्रुलो' आहे. केसरबाई आणि ते जॉर्जियन पुरुष सध्या एकाच यानात बसून सूर्यमालेच्या बाहेर चालले आहेत.

पश्चिम जॉर्जियात गुरिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या गाण्यात सगळ्यात वरचा आवाज 'क्रिमान्चुली' असतो. तो घसा तोडत, उड्या मारत जातो आणि त्याच्या वाट्याला शब्द येतच नाहीत, नुसती अक्षरं येतात. आपल्या तराण्यासारखी. शब्द पेलायला लागले तर गळा त्या वेगानं पळू शकणार नाही, हे आपल्या तराणा गाणाऱ्यांना जसं कळलं तसं गुरियातल्या शेतकऱ्यांनाही कळलं. जॉर्जियानं २००७ साली या स्पर्धेत पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा गाण्याचं नावच 'ओडेलिया रानुनी' होतं. ही लोकगीतांच्या धृपदात येणारी निरर्थक अक्षरं आहेत. ते गाणं चौथं आलं. पुढच्या वर्षी त्यांनी गाण्यातले उरलेले शब्दही काढून टाकले, इतकंच.

भाषेच्या अंगानंही हे गाणं जॉर्जियनच म्हणावं लागेल. या भाषेत 'तू आम्हाला सोलतोस' हे सांगायला एकच शब्द आहे आणि त्यात सुरुवातीला ओळीनं आठ व्यंजनं येतात, मध्ये एकही स्वर नाही. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला 'ब्झ' हा उच्चार करायला जीभ वळवावी लागत नाही. 'ब्झिकेबी' या शब्दाची सुरुवातच तिथून होते. शब्दाचा अर्थ गांधीलमाश्या. इंग्रजी साइट्सवर सर्रास मधमाश्या लिहितात, पण मधमाशीला जॉर्जियनमध्ये 'फुतकारी' म्हणतात. फरक किरकोळ नाही. मधमाशी म्हटलं की लगेच मध, मेहनत, शिस्त, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. गांधीलमाशी कुणाला काही शिकवत नाही. ती डसते आणि निघून जाते.

आणि इथेच हे गाणं या स्पर्धेतल्या इतर पुष्कळ गाण्यांपासून वेगळं पडतं. लहान मुलांच्या तोंडी मोठ्यांचा संदेश घालायची या स्पर्धेला फार हौस. पृथ्वी वाचवा, हातात हात घ्या, आपण सगळे एक आहोत. गाणारं पोरगं बारा वर्षांचं, ओळ लिहिणारा चाळिशीचा. शाळेच्या गॅदरिंगला मी स्वतः झाड झालो होतो. हिरव्या क्रेपकागदात गुंडाळून 'मला तोडू नका' एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते म्हणताना मला झाडाचं काही वाटत नव्हतं, कागद फाटेल याची भीती वाटत होती.

२००८चा तो हिवाळा आठवून पाहा. आपल्याकडे तेव्हा झी मराठीवर 'सारेगमप लिटल चॅम्प्स' चालू होतं आणि आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वेळेला कुणी कुणाकडे जात नसे. ती मुलं अफाट गायची, यात वाद नाही. पण आपण टाळ्या कशाला वाजवत होतो? एवढंसं पोर नाट्यसंगीत किती मोठ्या माणसासारखं गातं, याला. विरहाची पदं गाणाऱ्या मुलाला विरह म्हणजे काय ते माहीत असायचं कारणच नव्हतं. म्हणजे शब्द अर्थाचे, पण गाणाऱ्याच्या लेखी निरर्थक. 'ब्झ्झ्'मध्ये बरोबर उलटं घडतं. अक्षरं निरर्थक, पण त्या तिघांना एकेका अक्षराचं काय करायचं आहे ते पुरतं ठाऊक आहे.

दोष आहेत. पट्टेरी कपडे मला अजिबात आवडत नाहीत. कानाला कळलेली गोष्ट डोळ्यांना पुन्हा समजावून सांगायची ही टीव्हीवाल्यांची खोड. मागचा ट्रॅकही जरा जास्तच धडधडतो. नुसत्या तीन गळ्यांवर विश्वास टाकला असता तर गाणं आणखी धारदार झालं असतं. तरीही निकाल एकतर्फी लागला. जॉर्जियाला १५४ गुण मिळाले. त्यातले १२ सगळ्यांना सुरुवातीलाच फुकट मिळायचे, म्हणजे शून्यावर बसून कुणी रडू नये. उरलेले १४२ चौदा देशांनी दिले. एका देशाला जास्तीत जास्त बाराच देता येतात आणि इथे सरासरीच दहाच्या वर गेली.

त्या गुणांत रशियाचेही होते. पुरे बारा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचं युद्ध झालं होतं. त्याला लिमासोलच्या त्या रात्री जेमतेम शंभर दिवस झाले होते. हे गाणं म्हणजे युद्धाला दिलेलं उत्तर आहे वगैरे मी म्हणणार नाही, कारण गाण्यात तसं काहीही नाही, आणि नाही हेच तर त्याचं बळ आहे. त्या वर्षी जॉर्जियाच्या मुलांनी शांततेबद्दल एक ओळ जरी गायली असती तरी ती ओळ राजकारणाची झाली असती. टाळ्या सहानुभूतीच्या झाल्या असत्या आणि मॉस्कोतल्या फोनवर बोट थबकलं असतं. गांधीलमाश्यांवर आक्षेप तरी काय घेणार?

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. मोठ्यांचं २००९चं युरोव्हिजन मॉस्कोत व्हायचं होतं आणि युद्धामुळे जॉर्जियानं तिथे जायला नकार दिला होता. नोव्हेंबरनंतर त्यांनी निर्णय फिरवला. त्यामागे मुलांचा विजय आणि रशियाचे ते बारा गुण होते. मग त्यांनी गाणं निवडलं, 'वुइ डोन्ट वॉना पुट इन'. डिस्को. यातलं 'पुट इन' कसं ऐकू येतं ते तुम्हाला कळलंच, आयोजकांनाही कळलं. शब्द बदला किंवा गाणं बदला, असं त्यांनी सांगितलं. जॉर्जियानं दोन्ही नाकारलं आणि स्पर्धेतून माघार घेतली.

माझा एक मित्र यावर मला सुनावतो. देशावर बॉम्ब पडल्यावर तोंडानं नुसता आवाज काढणं सोपं, डिस्कोवाल्यांनी निदान बोलायची हिंमत तरी केली, असं त्याचं म्हणणं. त्या हिंमतीबद्दल मलाही आदर आहे. शब्द बदलून गेले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं, पण ते गेले नाहीत. फक्त गाणं म्हणून ऐकलं तर ते कोटीवर उभं आहे आणि कोटी एकदा कळली की संपते, व्हॉट्सॲपवरच्या विनोदासारखी. शिवाय बोलायची हिंमत मोठ्यांनी करायची असते. ती अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या गळ्यात घालून आपण सोफ्यावर बसायचं, हे मला पटत नाही. मित्राला माझं पटलेलं नाही. तो 'ब्झ्झ्'ला अजूनही रिंगटोन म्हणतो.

जॉर्जिया त्यानंतर २०११, २०१६ आणि २०२४ साली जिंकला. २०२४चं माद्रिदमधलं गाणं एका मुलानं आईला उद्देशून म्हटलं आहे. त्याचं आडनाव फुतकाराद्झे, म्हणजे त्यात मधमाशी आहेच. गाणं गोड आहे, आवाज तर फारच सुंदर आहे, माझ्या आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं तेव्हा तिनं दोन बदाम परत पाठवले. मी ते दुसऱ्यांदा लावलं नाही. डिप्लॉयमेंटच्या रात्री अजूनही गांधीलमाश्याच लावतो, आणि त्या एका जागी अजूनही अडखळतो.