चाळीस रुपयांचं पान

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घ्यायला आलेला व्यापारी क्रेटमधला वरचा लालभडक थर बघून कधी भाव बोलत नाही. तो मनगटापर्यंत हात आत घालतो, तळातलं एखादं फळ वर काढतो आणि मगच तोंड वाकडं करतो. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो आणि एवढं झाल्यावर विचारतो, "खातो किती?" अशा चोखंदळ तालुक्यात जन्म घेऊन, बी. कॉम. होऊन, वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर लोकांच्या सह्या पारखून मी घरचा प्रिंटर कसा घेतला म्हणाल, तर खोक्यावरचं चित्र बघून. चित्रात एक पोपट होता. रंगीत.

किंमत साडेतीन हजार. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढ्यात आजकाल बरा मिक्सर येत नाही." हे वाक्य ऐकून माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा व्हायला हवा होता. ज्या यंत्रात मोटर आहे, दिवे आहेत, स्कॅनर आहे, ते मिक्सरपेक्षा स्वस्त कसं? कोणीतरी कुठंतरी ते वसूल करणारच. पण पदवीधर पोपटाकडे बघत होता.

पुढच्या पंधरा महिन्यांचा ताळेबंद देतो. काळी कार्ट्रिज तीन, प्रत्येकी नऊशे, म्हणजे सत्तावीसशे. रंगीत दोन, प्रत्येकी हजार. प्रिंटरचे साडेतीन हजार. एकूण 8,200 रुपये. घसारा, वीज आणि सौ.चे टोमणे धरलेले नाहीत. छापलेली पानं 205. भागाकार करा. पानाला चाळीस रुपये! एस.टी. स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला पाच रुपयांत प्रिंट देतो आणि वर "बसा ना साहेब" म्हणतो. चाळीस रुपयांत तर चांदीचा वर्ख लावलेलं मघई येईल, आणि ते निदान रंगतं तरी.

आता खोक्यावर 'एका कार्ट्रिजमध्ये 120 पानं' असं छापलेलं होतं. ते खोटं नव्हतं. गंमत अशी की ही पानं मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. ठरावीक नमुन्याची पानं सलग छापत जायची आणि शाई संपली की मोजायची. सलग! आमच्या घरी कोण सलग छापतं? महिन्यातून एकदा सातबारा, एकदा शाळेचा फॉर्म, मधेच कन्येच्या प्रकल्पासाठी एक बेडूक. मधल्या दिवसांत शाई बसून राहते. तिच्या वाटा केसाहूनही बारीक, आणि आमचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. त्या वाटा सुकतात. मग प्रिंटर म्हणतो, 'स्वच्छता करू का?' आपण हो म्हणतो आणि तो शाईनंच तोंड धुतो. छापायला घेतलेली शाई चूळ भरण्यात जाते. माझ्या हिशेबात निम्मी तरी तशीच गेली असावी.

हे यंत्र कसं जन्माला आलं याची हकिकत मोठी साजरी आहे. 1977 साली जपानमध्ये, कॅननच्या प्रयोगशाळेत, शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला कुणाची तरी तापलेली सोल्डरिंगची काडी चुकून लागली आणि सुईतून शाईचा फवारा उडाला. शाई तापवून थेंब उडवायची कल्पना त्यांना तिथं सुचली. तेव्हापासून शाई उडते आहे. तिच्या मागोमाग काय काय उडतं हे वर हिशेबात दाखवलंच आहे.

आमच्या बँकेत अजून पासबुकासाठी सुयांचा प्रिंटर आहे, कर्र कर्र करणारा. नव्या मुलांना त्याची लाज वाटते. मी मात्र त्याचा चाहता आहे. तो फितीवर सुया आपटतो, जाडजूड पासबुकावरही उमटतो, कार्बन घातला तर खालची प्रतही काढतो. मुख्य म्हणजे तो कधी 'शाई संपली' म्हणून एकाएकी हात वर करत नाही. हळूहळू फिकट होत जातो, निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कसारखा. दिसेनासा होईपर्यंत काम करतो. पण त्याला घरी आणलं तर शेजारी बिबट्या आला समजून वनखात्याला फोन करतील. आमच्याकडे तेवढं पुरतं.

असो. पानाला चाळीस रुपये हेही मी गिळलं असतं. बँकवाल्याला बुडीत कर्ज पचवायची सवय असते. पण गोष्ट आप्पांवर आली.

आमचे आप्पा घोडेगावला असतात. निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. मूळचे आंबेगावचे. तालुक्याच्या नावाला अजून आंबेगाव आहे, पण खुद्द आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. आप्पांनी एका वहीत ते सगळं गाव लिहून काढलं होतं, घराला घर लावून. कुणाच्या दाराशी कुठलं झाड, कुणाच्या ओट्यावर कोण पत्ते खेळायचं, विहिरीवर कोण कुणाशी बोलत नसे. डोळे गेल्यामुळे त्यांना स्वतःचंच अक्षर लागेना. कन्येनं सगळं मोठ्या टायपात टाइप केलं. चाळीस पानं झाली. वैशाखात एका लग्नाला सगळे जुने गावकरी जमणार होते. तिथं ती नेऊन दाखवायची, एवढीच आप्पांची हौस.

लग्नाच्या आदल्या रात्री मी छापायला बसलो. (हा मुहूर्त माझा. यात कंपनीचा दोष नाही.) नवव्या पानावर काळी शाई संपली. रात्री साडेदहाला नारायणगावात काय मिळेल? मिसळसुद्धा मिळत नाही. कन्या म्हणाली, "बाबा, अक्षरं निळी करू या ना." दहाव्या पानापासून आंबेगाव निळं झालं. शेवटची पानं तर आकाशी. आप्पा म्हणाले, "शोभतंय रे. पाण्याखालचंच गाव ते."

लग्नात पानं हातोहात फिरली. म्हातारी माणसं चष्मे अदलाबदल करून वाचत होती. कुणी हसत होतं, एक आजी एकाच पानावर बोट ठेवून बसल्या होत्या. तेवढ्यात वाढप्याचा धक्का लागून मठ्ठ्याचा जग कलंडला. पहिली नऊ पानं पुसली, वाळवली, वाचली. निळी पानं वाचली नाहीत. ओळी एकमेकींत मिसळल्या, घरांची घरं वाहून गेली. आप्पा त्या चिखलाकडे बघत हळूच म्हणाले, "दुसऱ्यांदा बुडालं की रे."

ते हसून म्हणाले. म्हणूनच मला रात्री झोप आली नाही.

मग मात्र मी बैल-बाजारातल्या माणसासारखा चौकशीला लागलो. तेव्हा कळलं ते असं : असल्या प्रिंटरात काळी शाई बरेचदा रंगाच्या न विरघळणाऱ्या कणांची असते, म्हणून ती टिकते, रंगीत शाई मात्र पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. हे खोक्यावर पोपटाच्या चोचीत लिहायला काय हरकत होती?

दुसरी जात टाकीवाल्यांची. लोक कार्ट्रिजना इतके कावले की प्रिंटरला भोकं पाडून बाहेरून बाटल्या जोडू लागले. शेवटी 2010 मध्ये एप्सननं इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला. यंत्र महाग, शाई स्वस्त. म्हणजे निदान हिशेब उघड्यावर. बाटलीवर हजारो पानं निघतात आणि छपाई काही पैशांत पडते. रोज छापणाऱ्यानं, शिकवणीवाल्यानं जरूर घ्यावा. पण महिन्याला एक बेडूक छापणाऱ्यानं नाही. ही शाईही सुकते, आणि इथं डोकं कार्ट्रिजबरोबर बदलत नाही. तुंबलं की यंत्राच्याच जिवावर बेततं.

तिसरी जात लेझर. तिच्यात शाईच नाही, कोरडी पूड. सुकायची भीती नाही. सहा महिन्यांनी उठवा, पहिलं पान काळंकुळकुळीत. प्लॅस्टिकची ती पूड सुमारे दोनशे अंशांवर वितळून कागदाला चिकटते. म्हणूनच तो सुरू होताना विजेचा मोठा घोट घेतो. घरच्या इन्व्हर्टरला जोडू नये. आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर एक पंखा ओढताना धापा टाकतो, त्याला हा हत्ती कुठला झेपायला?

माझा निकाल कशानं लागला ते सांगतो. आप्पांच्या ट्रंकेत पणजोबांच्याही आधीचं एक खरेदीखत आहे, मोडीतलं, जुन्नरी कागदावर. जुन्नर एके काळी हातकागदाचं गाव. पेशव्यांच्या दफ्तरात इथला कागद असे, आणि पुण्यात कसब्यात कागद्यांचा कागदीपुरा आहे. हे खरेदीखत गळक्या माळ्यावर कैक पावसाळे भिजलेलं. कडा गेल्या, अक्षर गेलं नाही. मी आप्पांना विचारलं, "कसली हो शाई ही?" ते म्हणाले, "काजळीची. दुसरी कसली असणार?" आणि लेझरच्या पुडीतला काळा रंग म्हणजे तरी काय? काजळीच!

मंचरला एक वापरलेला काळा-पांढरा लेझर साडेसहा हजारांना घेतला. खोक्याविना मिळाला, त्यामुळे पोपटाचा प्रश्नच नव्हता. पूड भरायला साडेतीनशे, त्यात चौदाशेच्या आसपास पानं. कागदासकट पान ऐंशी-पंच्याऐंशी पैशांत. कन्या म्हणाली, "बाबा, बेडूक काळा येईल." तिला रंगपेटी आणून दिली.

चाळीस पानं पुन्हा छापून घोडेगावला नेली. आप्पांनी तांब्यात बोट बुडवलं, पहिल्या ओळीवरून दोनदा फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग भिंग घेऊन वाचायला बसले. सतराव्या पानावर थांबले.

"हे चुकलंय. सुतारांचं घर विहिरीच्या डावीकडं होतं."

"वहीत उजवीकडं आहे, आप्पा."

"वहीत चुकलं असेल. तू बदल आणि परत छाप. किती पडतात?"

"ऐंशी पैसे."

"मग एकविसावंही घे. तिथं एक चिंच राहिलीय."