वादविवाद स्पर्धेत ऐकतं कोण?



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय होता, उच्च शिक्षण मातृभाषेतूनच असावं. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला. पहिल्या क्रमांकाचा मुलगा उभा राहिला. आवाज खणखणीत, भाषा ओघवती, मध्ये दोन शेर. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, ‘‘माझ्या आधीच्या वक्त्यांचा मुद्दा मला मुळीच मान्य नाही.’’ आता त्याच्या आधी कुणी बोललंच नव्हतं! (हशा) सभागृहात टाळ्या पडल्या, आणि आम्ही तिघा परीक्षकांनी त्याला पहिलं बक्षीस दिलं.

तुम्ही हसलात. पण हसायचं असेल तर आम्हाला हसा. त्या मुलाने गुण कशाला मिळतात हे बरोबर ओळखलं होतं.

बघा, आपल्याकडच्या मराठी स्पर्धांचा साचा बहुधा असा असतो. विषय काही दिवस आधी जाहीर होतो. दोघांचा संघ, एकाने अनुकूल बाजू मांडायची, दुसऱ्याने प्रतिकूल. ठरलेली मिनिटं, एक इशाऱ्याची घंटा, एक शेवटची. दोघांच्या गुणांची बेरीज झाली की फिरता करंडक कुणाचा ते ठरतं. गुण असतात मांडणीला, भाषेला, सादरीकरणाला आणि खंडनाला. यातल्या पहिल्या तीन गोष्टी घरी पाठ करता येतात. चौथी पाठ करता येत नाही, पण केल्यासारखी दाखवता येते. म्हणजे नाव वादविवादाचं आणि प्रत्यक्षात एकामागून एक वक्तृत्व.

इंग्रजी स्पर्धांमधली ‘ब्रिटिश पार्लमेंटरी’ पद्धत पाहा. चार संघ, दोन बाजूंना दोन-दोन. विषय साधारण 15 मिनिटं आधी कळतो, प्रत्येक वक्त्याला साधारण 7 मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून प्रतिपक्ष मध्येच उठून प्रश्न विचारू शकतो. तिथे घाई आहे, ठरीव युक्त्याही आहेत. पण नुसत्या पाठांतरावर निभत नाही.

एक तक्रार नेहमी ऐकू येते. न पटणारी बाजू मांडायला लावणं म्हणजे मुलांना खोटं बोलायला शिकवणं. मला ती पटत नाही. आपल्या शास्त्रग्रंथांची रीतच आहे, आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग सिद्धान्त. दुसऱ्याचं म्हणणं नेटकं मांडता आल्याशिवाय स्वतःचं म्हणणं पक्कं होत नाही. बिघाड बाजू बदलण्यात नाही, न ऐकण्यात आहे.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं, ती वितंडा. स्पर्धा हा जल्पच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा जल्पाचा उपयोग आहे असं सूत्रकारच म्हणतात. पण जल्पालाही नियम आहेत. हरण्याची कारणं, म्हणजे निग्रहस्थानं, 22 दिली आहेत. त्यांतलं एक आहे अननुभाषण. प्रतिवादीने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, आणि तरी तुम्हाला ते पुन्हा उच्चारता आलं नाही, तर तुम्ही हरलात! उत्तर चुकलं म्हणून नव्हे बरं का, नुसतं परत सांगता आलं नाही म्हणून. या कसोटीवर आमचा पहिल्या क्रमांकाचा मुलगा कुठे बसतो?

त्या दिवशी सातव्या क्रमांकावर एक मुलगी बोलली. चौथा वक्ता म्हणाला होता, मराठीत पुस्तकंच नाहीत, शिकवणार कसं? तिने हातातला कागद खाली ठेवला, त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा नीट सांगितला आणि विचारलं, ‘‘शिकवायला सुरुवातच केली नाही, तर पुस्तकं लिहिणार कोण आणि घेणार कोण?’’ ती दोनदा अडखळली. शेवटची घंटा वाजली तरी वाक्य अपुरं होतं. आम्ही सादरीकरणाचे गुण कापले, वेळेचेही कापले. तिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. पूर्ण दिवसात वाद असा तेवढाच झाला होता.

म्हणून आयोजकांना माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येक वक्त्याने आधीच्या एका वक्त्याचा मुद्दा आधी सांगावा, आणि त्या वक्त्याला विचारावं, ‘‘हेच म्हणालात ना?’’ त्याने मान डोलावली तर शंभरातले 20 गुण. दुसरं, भाषणानंतर दोन मिनिटं प्रतिस्पर्ध्यांचे प्रश्न. पहिल्या वक्त्याचा कस तिथे लागेल. मुलं अडखळतील, टाळ्या कमी पडतील. पडू देत. चारचौघांत दुसऱ्याचं ऐकून घेऊन उत्तर देण्याची सवय या वयात लागली नाही, तर पुढे ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत आणि घरातही ती लागत नाही.

त्या मुलीचं नाव मला आठवत नाही. बक्षीस मिळालेल्या मुलाचं आठवतं. परीक्षक म्हणून माझी चूक तुम्हाला यावरून कळेल.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. पण विचारण्याआधी मी काय म्हणालो, ते एकदा सांगा.