ऊष्मामृदू रबरांचे वर्गीकरण : एक आक्षेप

ऊष्मामृदू रबर या नावातच एक विरोध आहे. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर पक्के करण्याची रीत सापडली, आणि तेव्हापासून उपयुक्त रबर म्हणजे पुन्हा न वितळणारे रबर, असे समीकरण रूढ झाले. व्हल्कनीकरणाने साखळ्यांमध्ये रासायनिक आडवे बंध पडतात. ताणलेला पदार्थ पूर्वस्थितीला येतो तो त्यांच्यामुळे, आणि पुन्हा साच्यात ओतता येत नाही तोही त्यांच्याचमुळे.

ही अट प्रथम पॉलियुरेथेनांनी शिथिल केली. गुडरिच कंपनीतील शोलेनबर्गर व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये आपल्या पदार्थाला 'व्हर्च्युअली क्रॉसलिंक्ड' म्हटले. बंध वस्तुतः नाहीत, परिणामतः आहेत, असा त्याचा आशय. या क्षेत्रातील इतके नेमके विशेषण पुढे क्वचितच आढळते. १९६५ च्या सुमारास शेल कंपनीने बाजारात आणलेल्या स्टायरीन-ब्यूटाडाइन-स्टायरीन सहबहुवारिकात हेच तत्त्व अधिक स्पष्ट दिसते. टोकांचे स्टायरीनखंड एकत्र येऊन कठीण बिंदू बनतात व मधल्या लवचीक साखळ्यांना धरून ठेवतात. सुमारे १००° सेल्सिअसच्या वर ते मऊ होतात, निवताच पुन्हा घट्ट होतात. पुढे १९७२ मध्ये ड्यूपाँटचे हायट्रेल व १९८१ मध्ये मॉन्सँटोचे सँटोप्रीन आले.

या सर्वांची नावे लावण्यासाठी २००३ साली आयएसओ १८०६४ हे मानक निघाले. आपली पद्धती रासायनिक घटनेवर आधारलेली आहे, असे ते सांगते. आणि टीपीए (अमाइड), टीपीसी (एस्टर), टीपीओ (ओलेफिन), टीपीएस (स्टायरीन), टीपीयू (युरेथेन) येथपर्यंत ते खरेही आहे. परंतु टीपीव्हीमधील 'व्ही' हे अक्षर घटना सांगत नाही, प्रक्रिया सांगते. टीपीओ-(ईपीडीएम+पीपी) आणि टीपीव्ही-(ईपीडीएम+पीपी) या दोन्ही संज्ञा या मानकात बसतात. कंसातील मजकूर एकच, वर्ग मात्र दोन! नाम, क्रियापद, विशेषण यांच्या पंक्तीस 'तत्सम' बसवावे, तसाच हा प्रकार झाला. 'नदी' हा शब्द मग कोठे घालावयाचा? उरलेल्यांसाठी टीपीझेड आहेच. आपल्या वैयाकरणांनी 'देशी' या सदराचा असाच उपयोग केला.

मानक व्यापाराच्या सोयीसाठी आहे, त्याकडून शास्त्राची अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. सोय मान्य आहे. टीपीओ व टीपीव्ही यांच्या गुणधर्मांत खरा भेद असल्याने त्यांना वेगळी नावे हवीत, यातही वाद नाही. परंतु तो भेद मान्य करताच रासायनिक घटना हा एकमेव निकष राहत नाही. पदार्थाला एकत्र धरून ठेवते ते काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे: काचसदृश खंड, स्फटिकी खंड, की कठीण माध्यमात विखुरलेले व्हल्कनीकृत कण? रसायनाचे अक्षर त्यानंतर यावे.

मराठी परिभाषा घडविताना ही गोष्ट विशेष जाणवते. टीपीव्हीचे 'व्हल्कनीकृत ऊष्मामृदू रबर' असे सरळ भाषांतर केले, तर जे व्हल्कनीकृत ते वितळते कसे, असे विद्यार्थी विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच ठरेल. वितळते ते पॉलिप्रॉपिलीनचे माध्यम. त्यातील रबराचे कण वितळत नाहीत. म्हणून 'व्हल्कनीकृत-रबरकणयुक्त ऊष्मामृदू पदार्थ' ही संज्ञा, लांबलचक असली तरी, आम्ही सुचवितो.