मध खाणाऱ्याचे झाकलेले नाव

पोलिश भाषेत अस्वलाला 'न्येज्व्येच' म्हणतात. शब्द परका वाटतो. परंतु त्याचे प्राचीन स्लाव रूप 'मेद्वेदि', म्हणजे 'मध खाणारा', असे होते हे कळताच संस्कृतज्ञ वाचक सरसावून बसतो. एवढ्या साम्यावरून पोलिशला संस्कृतची लेक ठरविण्याची घाई आपल्याकडे होते. ती आम्हांस मान्य नाही.

'मधु' आणि 'अद्' यांच्या यण्‌संधीने 'मध्वद्' सिद्ध होते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात ते आढळतेही. मात्र तेथे ते पक्ष्यांचे विशेषण आहे. अस्वलासाठी संस्कृतने 'ऋक्ष' हा मूळ शब्द राखला. ग्रीक 'आर्क्तोस' आणि लॅटिन 'उर्सुस' हे त्याचेच भाऊबंद. स्लावांनी नेमका तोच टाकला. खरे नाव उच्चारल्यास श्वापद समोर उभे राहील, या भयाने तो टाकला गेला असावा, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. रोगाला 'देवी' आणि रात्री सापाला 'लांबडे' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

खरी मौज त्यातील वकाराची आहे. रशियन 'मेद्वेद' या शब्दाची 'मेद' आणि 'वेद' अशी फोड करून 'मध जाणणारा' असा अर्थ लोक सांगतात. आपल्या 'विद्' धातूमुळे तो आपल्यालाही मोह घालतो. पण तो 'व' जाणण्याचा नव्हेच. 'मेदु' शब्दाच्या अंत्य उकाराचा तो वकार झाला आहे, अगदी 'मध्वद्'मध्ये झाला तसा. नाते आहे ते या सूक्ष्म जागी, आणि ते बहिणीबहिणींचे आहे.

पोलिशमध्ये पुढे आरंभीच्या 'म'चा 'न' झाला. मधाला आजही तेथे 'म्यूत' म्हणतात, पण अस्वलाच्या नावात आता तो ऐकू येत नाही; उलट आरंभीचा 'न्ये' नकारवाचक शब्दासारखा भासतो. भयापोटी घेतलेला मुखवटाही असा झाकला गेला.

अर्थाचा प्रवास मात्र थांबला नाही. 'अस्वलाचा उपकार' म्हणजे भले करू जाता केलेला घात, असा वाक्प्रचार पोलिशमध्ये रूढ आहे. त्यामागे निजलेल्या मित्राच्या नाकावरची माशी दगडाने मारणाऱ्या अस्वलाची कथा आहे. ला फोंतेनच्या १६७८ च्या संग्रहात ती येते. पंचतंत्रातील राजा आणि त्याचा सेवक माकड वाचकांना येथे आठवतील. तेथे दगडाऐवजी तलवार आहे, एवढेच.