रितें रान आणि मोकळें रान

कळंब्याच्या तलावाकाठीं आमचा एक विद्यार्थी मोठ्या अभिमानानें म्हणाला, "सर, या खेळाचा नकाशा सर्वांत मोठा आहे!" विस्तार हाच गुण मानण्याची ही दृष्टि संगणकीय खेळांच्या चर्चेंत रूढ झाली असल्यानें तिचा विचार करणें अवश्य वाटतें.

१९९६ सालच्या 'डॅगरफॉल' या खेळाची भूमि सुमारें १,६१,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक, असल्याचें सांगतात. परंतु ती बहुतांशीं यंत्राच्या नियमांनीं घडविलेली. एक गांव पाहिलें कीं दुसऱ्याची ओढ उरत नाहीं. याउलट २००५ सालच्या 'शॅडो ऑफ द कोलॉसस'मध्यें सोळा महाकाय जीव वगळतां शत्रूच नाहींत. घोड्यावरून माळ तुडवावा, एक जीव मारावा, कीं पुन्हां तोच निःशब्द माळ. 'आपण केलें तें योग्य केलें काय?' हा प्रश्न खेळणाऱ्याला त्या शांततेंतच गांठतो. तेथें शत्रूंची गर्दी असती, तर तो ऐकूंच आला नसता.

तात्पर्य, दोष रितेपणाचा नव्हे. त्याला कांहीं काम न देण्याचा होय. कळंब्याच्या तलावाकडे पाहणाऱ्यास नुसता मोकळा पृष्ठभाग दिसतो; पण त्याच पाण्यानें कोल्हापूरची तहान पिढ्यान् पिढ्या भागविली आहे. तरुणांच्या आयुष्यांतील तास मोजकेच असतात. ते मागणाऱ्या खेळाला नकाशा केवढा हें न विचारतां, चाललेल्या वाटेनें काय दिलें, हेंच विचारलें पाहिजे.