शाकाहार: एक शब्द, चार ताटें

शाकाहारानें मधुमेह, हृद्रोग, रक्तदाब यांसारखे जुनाट रोग टळतात किंवा बरे होतात कीं नाहीं, हा वाद आतां केवळ वैद्यांचा राहिलेला नाहीं. त्यावर पुस्तकें निघतात, व्याख्यानें होतात, आणि सुशिक्षित घरांत पानावर बसल्या बसल्या बापलेकांचे मतभेद होतात. वैद्यकाचा अंतिम निवाडा देण्याचा अधिकार साहित्याच्या अध्यापकाला नाहीं, हें उघड आहे. परंतु जो वाद ग्रंथांच्या द्वारें चालतो, त्यांतील शब्द कोणत्या अर्थानें वापरले आहेत, पुराव्यापासून सिद्धांतापर्यंतची वाट लेखक सरळ चालला आहे कीं मध्येंच त्यानें उडी मारली आहे, आणि स्वतःच्या मताला प्रतिकूल अशा गोष्टीशीं तो कसा वागतो, हें पाहणें टीकाकाराचें कामच होय. तेवढेंच येथें करावयाचें आहे. आणि तें राजुऱ्याच्या बाजूनें पाहून करावयाचें आहे. कारण राजुरा हें दोन ताटांच्या सीमेवरचें गांव आहे. एकीकडे दूध, दहीं, तूप ज्यांच्या पानांतून कधीं हललें नाहीं अशीं पांढरपेशा घरें; दुसरीकडे जिवती-माणिकगडच्या डोंगरांतील गोंड व कोलाम वस्त्या. पुण्यामुंबईस किंवा विलायतेस लिहिलेलें आहारशास्त्र या दोन्ही ताटांना सारखेंच लागू पडतें काय, हा प्रश्न येथें पुस्तकी राहत नाहीं.

प्रथम शब्दच पाहूं. आपल्या मध्यमवर्गीय घरांत शाकाहारी म्हणजे दूध-तूप खाणारा, पण अंड्याला न शिवणारा. पाश्चात्य देशांत ज्यांना हल्लीं 'व्हीगन' म्हणतात, त्यांना दूध आणि मधही निषिद्ध. अमेरिकेंतील डॉ. डीन ऑर्निश यांनीं हृद्रोग्यांसाठीं जो प्रसिद्ध आहार आंखला, त्यांत तेलातुपाला जवळजवळ मज्जाव आहे. परंतु अंड्याचा पांढरा बलक आणि साय काढलेलें थोडें दूध चालतें. गांधीजींच्या लेखीं तर निर्जीव अंडें आणि दूध यांत नैतिक भेदच नव्हता. असे हे चार शाकाहार. एकाच्या नांवें मिळालेला पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतां येत नाहीं, ही साधी गोष्ट या वादांत वारंवार विसरली जाते. ऑर्निश यांचा आधार घेऊन साजुक तुपांतल्या पुरणपोळीचें समर्थन करणारे सज्जन आपल्याकडे विरळा नाहींत.

या विषयावरील भारतीय लिखाणांत सर्वांत प्रामाणिक पुस्तक कोणतें, असें विचारल्यास आम्ही गांधीजींच्या 'आरोग्यनी चावी' या लहानशा गुजराती पुस्तकाचें नांव घेऊं. १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान महालांत स्थानबद्ध असतांना तें लिहिलें गेलें. त्यांतील सर्वच वैद्यक आज टिकणारें नाहीं, आणि मृत्तिकोपचारावरील प्रकरण तर आजच्या वाचकानें इतिहास म्हणूनच वाचावें. परंतु आहाराच्या प्रकरणांत लेखकाची बौद्धिक सचोटी पाहण्यासारखी आहे. तरुणपणीं आईपाशीं केलेली प्रतिज्ञा, लंडनमध्यें हेन्री सॉल्ट यांचें पुस्तक वाचून पटलेला शाकाहार, १९१२ मध्यें केलेला दुधाचा त्याग, असा ज्याचा इतिहास, तो मनुष्य दूध हा प्राणिज पदार्थ आहे, शुद्ध शाकाहारांत तो बसत नाहीं, आणि तरीही त्यावांचून आपलें व इतरांचें नीट चाललें नाहीं, असें स्पष्ट सांगतो. १९१८ च्या दुखण्यांत त्यांना शेळीचें दूध घ्यावें लागलें. शब्दानें प्रतिज्ञा राहिली पण अर्थानें मोडली, ही टोंचणीही त्यांनीं लपविली नाहीं. बैठें बौद्धिक काम करणाऱ्यासाठीं त्यांनीं जें रोजचें प्रमाण दिलें आहे, त्यांत धान्य सहा औंस, तर गाईचें दूध दोन पौंड, म्हणजे सुमारें शेरभर आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, शाकाहाराचा नैतिक पाया आणि वैद्यकीय पाया त्यांनीं एकमेकांत मिसळूं दिले नाहींत. १९३१ सालीं लंडनच्या शाकाहारी मंडळापुढें बोलतांना, केवळ प्रकृतीसाठीं शाकाहार धरणारे बहुधा तो सोडतात, टिकतो तो नैतिक निष्ठेवर उभा असलेलाच, अशा आशयाचें प्रतिपादन त्यांनीं केलें. जो पशुहत्या पाप मानतो, त्यानें ती मानावी. त्यासाठीं त्याला हृद्रोगाच्या आंकड्यांची गरज नाहीं. आणि आंकडे उद्यां उलटे निघाले, तरी त्याचें व्रत खोटें ठरत नाहीं. अलीकडील लेखकांनीं नेमकी हीच मर्यादा सोडली आहे.

दुसरें पुस्तक आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतलें. गडचिरोलींत शोधग्राम येथें आदिवासींच्या आरोग्याचें काम करणारे डॉ. अभय बंग यांना ऐन उमेदींत हृदयविकाराचा झटका आला. त्या अनुभवांतून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हें पुस्तक निर्माण झालें, आणि मराठी मध्यमवर्गानें तें मनापासून वाचलें. सेवाग्रामच्या आश्रमीय वातावरणांत वाढलेला, स्वतः वैद्य असलेला पुरुष रोगी होतो, आणि ज्या शास्त्रानें दुसऱ्यांस तपासलें त्यानेंच स्वतःस तपासतो, यांत या पुस्तकाचें वाङ्मयीन बळ आहे. त्यांनीं ऑर्निश यांचा मार्ग पत्करला. तो मार्ग म्हणजे केवळ आहार नव्हे. चालणें, योगासनें, ध्यान आणि माणसांशीं जिव्हाळ्याचे संबंध हे त्याचे तितकेच आवश्यक भाग होत. आणि लेखकाचा भरही आहारापेक्षां एकंदर जीवनाच्या फेरमांडणीवर अधिक आहे.

परंतु येथेंच वाचकाची गफलत होते. ध्यान अवघड, चालणें कंटाळवाणें, कामाचा व्याप सोडणें त्याहून कठीण. त्या मानानें फोडणींतलें तेल कमी करणें सोपें. म्हणून अशा पुस्तकांतून घरांत शिरतें तें बहुधा ताट तेवढें. ऑर्निश यांचा १९९० सालीं 'लॅन्सेट' मध्यें प्रसिद्ध झालेला प्रयोग अवघ्या ४८ रोग्यांवरचा होता. त्यांतील २८ जणांनीं आहार, व्यायाम, मनःशांतीचे उपाय, धूम्रपानत्याग हें सारें एकदमच केलें. त्यांच्या रक्तवाहिन्या सुधारल्या ही गोष्ट मोलाची आहे; पण त्या सुधारणेचा किती वांटा भाजीचा आणि किती इतर गोष्टींचा, हें त्या प्रयोगावरून कोणासही सांगतां येणार नाहीं. पांच औषधें एकत्र देऊन रोगी बरा झाल्यावर श्रेय एकाच पुडीला देणारा वैद्य आपण काय म्हणून मानूं?

तिसरा नमुना कॉलिन कॅम्पबेल यांच्या २००५ च्या 'द चायना स्टडी' या पुस्तकाचा. चीनच्या ६५ परगण्यांतील आहार व मृत्यू यांची तुलना त्याच्या मुळाशीं आहे. ग्रंथकाराचा व्यासंग मोठा, त्याची कळकळ खरी. पण एका परगण्याच्या सरासरी जेवणाची दुसऱ्या परगण्याच्या सरासरीशीं तुलना करून व्यक्तीच्या रोगाचें कारण ठरविणें धोक्याचें असतें. जेथें मांस अधिक, तेथें पैसा, शहर, तंबाखू आणि बैठें काम हींही कमीअधिक असूं शकतात. अशा दोन गोष्टी हातांत हात घालून चालल्या, म्हणजे त्यांत मायलेकीचें नातें असतेंच असें नव्हे.

याच्या तुलनेंत ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेला निबंध आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो, आणि त्याचें कारण त्यांतील उत्तर गैरसोयीचें आहे हें होय. ४८ हजारांहून अधिक ब्रिटिश स्त्रीपुरुषांवर सुमारें १८ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. मांसाहारी लोकांपेक्षां शाकाहाऱ्यांत हृद्रोग शेंकडा २२ नीं कमी आढळला. परंतु मेंदूचा झटका, ज्याला आपण पक्षाघात म्हणतों, तो शेंकडा २० नीं अधिक आढळला. शेंकडेवारी सोडून माणसें मोजलीं, तर दर हजारीं दहा वर्षांत हृद्रोगी दहानें कमी आणि पक्षाघाती तिघांनीं जास्त. शाकाहाराचा एकंदर लाभ यांत दिसतो. पण चमत्कार दिसत नाहीं. दोन्ही पक्षांचे वकील यांतला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात, यांत नवल तें काय!

आतां आपल्या पानाकडे वळूं. या सर्व पाश्चात्य तुलनेंत एका बाजूला मांसानें भरलेलें ताट आहे. आपल्या बहुसंख्य घरांत तें कधींच नव्हतें. जो मांसाहारी म्हणवितो, तोही आठवड्यांतून एकदां, सणावारीं, मिळालें तर मांस खातो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार या देशांत मधुमेही १० कोटींच्या वर गेले आहेत, असें २०२३ सालीं जाहीर झालें. आणि त्याच मालिकेंतील २०२५ च्या निबंधानुसार भारतीय माणसाच्या अन्नांतील उष्मांकांपैकीं शेंकडा ६२ पिष्टमय पदार्थांतून, विशेषतः पांढरा तांदूळ, दळलेलें धान्य आणि साखर यांतून येतात. हें सारें वनस्पतिजन्यच आहे. मैदा वनस्पतिजन्य, साखर वनस्पतिजन्य, पामतेल वनस्पतिजन्य, आणि दुकानांत लोंबकळणाऱ्या वेफरच्या पुड्याही वनस्पतिजन्य! तेव्हां येथला खरा प्रश्न शाक कीं मांस हा नसून, शाकांतलें कोणतें, किती आणि कोणत्या रूपांत, हा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण आणि अंबाडीची भाजी हा एक शाकाहार; पॉलिशचा भात, बटाटा आणि साखरेचा चहा हाही शाकाहारच.

याची दुसरी बाजू पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दिसली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून तेथील गर्भवती स्त्रिया व पुढें त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. वजनानें लहान, पण अंगावरच्या चरबीच्या मानानें स्नायू कमी, अशीं मुलें त्यांना आढळलीं. निम्म्याहून पुष्कळ अधिक मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतें. ज्या मातांत तें कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति सर्वांत जास्त दिसली. सहवास म्हणजे कारण नव्हे, हा वर लावलेला नियम येथेंही लावला पाहिजे. तथापि ब-१२ वनस्पतींत मिळत नाहीं, तें दूध, अंडीं, मासे, मांस यांतूनच येतें, याविषयीं मात्र शास्त्रांत वाद नाहीं. म्हणजे जो शाकाहार मधुमेहावर उपाय म्हणून सांगितला जातो, त्याच्याच अपुऱ्या रूपांत पुढच्या पिढीच्या मधुमेहाचें बीज असूं शकेल, अशी शंका घेण्यास जागा आहे.

हें ध्यानांत ठेवून राजुऱ्याच्या पलीकडील डोंगराकडे पाहावें. मध्य भारतांतील अनेक आदिवासी समाजांत गाईचें दूध वासराचें मानण्याची चाल होती. दूधदुभतें हें त्यांच्या रोजच्या अन्नाचें अंग नव्हतें. त्यांचा प्राणिज आहार म्हणजे नदीनाल्यांतले मासे, घरची कोंबडी आणि तिचीं अंडीं. अशा घरांत जाऊन कोणी सुशिक्षित गृहस्थ सद्भावनेनें सांगूं लागला कीं, बाबांनो, अंडें-मांस सोडा, प्रकृति सुधारेल, तर तो त्यांना आपल्यासारखा शाकाहारी करीत नाहीं. तो स्वतः सकाळ-संध्याकाळ दूध पितो आणि त्यांना मात्र व्हीगन करतो, आणि दोघांसाठीं शब्द एकच वापरतो. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें शाळेच्या पोषण आहारांत आठवड्यास एक अंडें, व न खाणाऱ्यास फळ, देण्याचें ठरविलें. जानेवारी २०२५ मध्यें त्यासाठींचा सरकारी पैसा थांबला आणि लोकवर्गणीचा मार्ग दाखविण्यांत आला. ज्या वस्तींत वर्गणी देणारे लोकच नाहींत, तेथील मुलाच्या पानांतून गेलेलें अंडें कोणत्या तत्त्वानें भरून निघणार? दुधानें भरून निघेल तर उत्तम. पण तें तेथें पोंचलें पाहिजे.

वनस्पति म्हणजे निर्दोष, ही समजूत तर या पूर्व विदर्भानें तरी बाळगूं नये. धान निघाल्यावर बांध्यांतल्या ओलीवर येणारी लाखोळी हें गरिबाचें कडधान्य. थोडी खाल्ली, उकळून पाणी टाकून खाल्ली, तर ती पोषकच; पण दुष्काळांत महिनोन् महिने तेंच मुख्य अन्न झालें, म्हणजे तिच्यांतील विषारी द्रव्यानें पाय ताठरून माणसें जन्माचीं पांगळीं होतात. १९६१ मध्यें तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढें त्या द्रव्याचें प्रमाण अल्प असलेल्या जाती निघाल्या. येथें दोष पदार्थापेक्षां दारिद्र्याचा अधिक होता: ताटांत दुसरें कांहीं नव्हतें.

तेव्हां या विषयावरचें कोणतेंही पुस्तक हातीं घेतांना वाचकानें तीन प्रश्न विचारावे. लेखकाच्या शाकाहारांत काय बसतें व काय बसत नाहीं? त्यानें त्याची तुलना कोणत्या ताटाशीं केली आहे? आणि आपल्या मतास प्रतिकूल असें एक तरी सत्य त्यानें आपण होऊन सांगितलें आहे काय? या तिसऱ्या कसोटीस गांधीजींचें जुनें पुस्तक उतरतें, आणि नवीं पुष्कळशीं उतरत नाहींत. धडधाकट मध्यमवर्गीयाला मांस सोडून भाज्या व कडधान्यें वाढविण्याचा सल्ला बहुधा हिताचाच आहे, आणि तो आम्ही आनंदानें देऊं. परंतु तोच सल्ला जिवतीच्या पोराला देण्यापूर्वीं त्याच्या ताटांत आज काय आहे, हें पाहून यावें. राजुऱ्याहून तें फारसें दूर नाहीं.