पंच्याण्णवावा मृतदेह

रहस्यकथा आपल्या घरांतून नेहमीच आवडीने वाचली गेली. दिवाणखान्यातील कपाटात मात्र तिला क्वचितच जागा मिळाली. बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या ज्यांनी एका बैठकीत संपवल्या, त्यांनीही चार लोकांत त्यांविषयी बोलताना संकोचच बाळगला. ऐतिहासिक कादंबरीचे तसे नाही. तिला प्रतिष्ठा आहे. या दोहोंचा संगम असलेल्या चार कादंबऱ्या अलीकडे आमच्या वाचनात आल्या. त्यांविषयी वाचकांशी थोडे बोलावे असे वाटते.

इतिहास राजांची नावे सांगतो. सामान्य मृतांची तो बहुधा संख्याच सांगतो. रहस्यकथेचे संख्येने समाधान होत नाही. हा एक माणूस कोणामुळे मेला, हे कळेपर्यंत ती थांबत नाही. हे दोन स्वभाव एकत्र आले की काय घडते, हे एलिस पीटर्स यांच्या ‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९) या कादंबरीत स्वच्छ दिसते.

साल आहे ११३८. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन व मॉड यांच्यात यादवी माजली आहे. श्रूजबरीचा किल्ला पडतो आणि राजाच्या हुकुमाने ९४ जणांना फाशी दिली जाते. त्यांच्या अंत्यविधीची तयारी करण्यास बेनेडिक्टाईन मठातील ब्रदर कॅडफेल जातो. पूर्वायुष्यात क्रूसयुद्धात लढलेला आणि आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा हा मठवासी मृतदेह मोजतो, तो ते ९५ भरतात. कोणीतरी आपण केलेला खून राजाच्या शिक्षेच्या आडोशाला लपवला आहे. जिथे ९४ मेले, तिथे आणखी एकाची मातब्बरी ती काय? कॅडफेलला हा हिशेब मान्य नाही. त्या ९४ जणांसाठी निदान राजा जबाबदार आहे. या एकासाठी कोणीच नाही, म्हणून त्याचा शोध घेतलाच पाहिजे. मालिकेतील २० कादंबऱ्या ओळीने वाचल्यास प्रेमी युगुलांचा साचा जाणवतो, हे खरे. पण ही मोजणी विसरता येत नाही.

सी. जे. सॅन्सम यांच्या ‘डिसोल्यूशन’ (२००३) मध्ये मृत्यूंची किंमत सारखी नसते, हे अधिक कठोरपणे समोर येते. १५३७ साली, आठव्या हेन्रीच्या राज्यात मठ बंद होत असताना, टॉमस क्रॉमवेलचा अधिकारी एका मठात मारला जातो. चौकशीसाठी शार्डलेक या पाठीला कुबड असलेल्या वकिलाची तातडीने रवानगी होते. त्याच मठातील एक अनाथ दासी मात्र आधीच नाहीशी झालेली असते, आणि ‘चोरी करून पळाली’ एवढ्यावर तिचे प्रकरण मिटलेले असते. पुढे तिचे प्रेत मठाच्या तळ्यात सापडते. मठवासीयांचे दोष लेखकाने झाकलेले नाहीत. ते वाचताना आपल्याला बोचते. परंतु सुधारणेच्या नावाने चाललेला लोभही तो तितक्याच स्पष्टपणे दाखवतो, म्हणून त्याला पक्षपाती म्हणता येत नाही.

उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) आम्ही विल्यम वीव्हर यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. १३२७ साली उत्तर इटलीतील एका मठात सात दिवसांत एकामागून एक मठवासी मरतात. फ्रान्सिस्कन विल्यमची बुद्धी थक्क करणारी आहे. तरीही गावातील एका गरीब मुलीला चेटकीण ठरवून बर्नार्ड गी हा धर्मन्यायाधीश घेऊन जातो, तेव्हा त्या बुद्धीचा काही उपयोग होत नाही. तिच्यावर मन जडलेल्या तरुण अॅड्सोला तिचे नावही कधी कळत नाही. खुनाचे कोडे उलगडते, पण तिचा न्याय राहून जातो. ही उणीव लेखकाने जाणूनबुजून ठेवली आहे, असे आमचे मत आहे. लांबलचक धर्मचर्चा दमवतात. शाळकरी मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये.

चौथी कादंबरी आपल्या मुंबईची आहे. सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) मधील परवीन मिस्त्री ही १९२१ सालची पारशी वकील. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या, ख्रिस्ती झालेल्या पारशी पित्याच्या या कन्येने ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला. कादंबरीत पडद्यातील तीन विधवांनी आपल्या हक्काची संपत्ती सोडल्याचा कागद येतो. सह्या संशयास्पद वाटतात. पुरुष वकिलाला पडद्याआड जाता येत नाही, म्हणून परवीन जाते आणि प्रत्येकीशी निराळी बोलते. परवीनच्या पूर्वायुष्याची कथा मध्येमध्ये येऊन गती मंदावते. तरी हयात माणसाचीही चौकशी वेळेवर व्हावी लागते, हे या चौघींपैकी याच कादंबरीने आम्हाला सांगितले.

नोव्हेंबर महिन्यात आपल्या धर्मग्रामांतून मृतांची नावे वाचली जातात. यादी लांबली तरी एकही नाव गाळले जात नाही. आपले नाव येईपर्यंत घरचे लोक कान देऊन बसतात. ज्यांना त्या ऐकण्याची सवय आहे, त्यांना कॅडफेलने पुन्हा पुन्हा मोजणी का केली, हे समजावून सांगावे लागणार नाही. सुरुवात त्याच्यापासूनच करावी.